धोक्याची सूचना ऐकू यायला हवी



तुमच्यापैकी बरेच जण आपापल्या घरातले आणि मोहल्ल्यातले 'कॉम्प्युटरवाले' आहेत. कोणाचा लॅपटॉप अडला की पहिली हाक तुम्हालाच येते. अशा हाका मारणाऱ्यांमध्ये एखादा अंध विद्यार्थी असतो, मधुमेहाने नजर गेलेली एखादी खाला असते. "एक चांगला अँटीव्हायरस टाकून दे," असं ते सांगतात, आणि तुम्ही स्वतः जो वापरता किंवा दुकानदार जो देतो, तो टाकून मोकळे होता. हा निर्णय असा घेऊ नका, एवढंच आज मला सांगायचं आहे. डोळ्यांनी बघणाऱ्यासाठी उत्तम असलेला अँटीव्हायरस अंध माणसाच्या हातात मुका होऊ शकतो, आणि मुका पहारेकरी काय कामाचा?

आधी स्क्रीन रीडर काय करतो ते बघू, कारण सगळा घोळ तिथून सुरू होतो. स्क्रीन रीडर पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवतो आणि माणूस माउसशिवाय, फक्त कीबोर्डवर काम करतो. आपल्याकडे जॉज आणि एनव्हीडीए हे दोन जास्त वापरात आहेत. विंडोजमध्ये नॅरेटर आयताच असतो. एनव्हीडीएचं काम २००६ मध्ये ऑस्ट्रेलियात मायकल करन या स्वतः अंध असलेल्या तरुणाने सुरू केलं. तो मोफत आहे, आणि मराठी व उर्दू वाचणारा आवाजही त्यात आहे.

आता, स्क्रीन रीडर पडद्याकडे 'बघत' नाही. तो समोरच्या प्रोग्रॅमला विचारतो: तुझ्याकडे इथे काय आहे? बटण आहे का? त्याचं नाव काय? ते चालू आहे की बंद? विंडोजची साधी, ठरलेली बटणं या प्रश्नांची उत्तरं आपोआप देतात. पण अँटीव्हायरस बनवणाऱ्या अनेकांना साधी बटणं आवडत नाहीत. हिरवी ढाल, फिरणारं चक्र, लाल पट्टी असं सगळं ते स्वतः रंगवतात. दिसायला झकास. स्क्रीन रीडरवर मात्र ऐकू येतं, "बटण… बटण… बटण…" कोणतं बटण, पत्ता नाही. कधी तर टॅब दाबून तिथपर्यंत पोहोचताही येत नाही.

दुसरी अडचण याहून खोल आहे. स्क्रीन रीडर तुमची प्रत्येक कळ पकडतो आणि इतर प्रोग्रॅमच्या आतलं काढून घेतो. पासवर्ड चोरणारा हेर प्रोग्रॅमही नेमकं हेच करतो! त्यामुळे अँटीव्हायरसला कधी कधी स्क्रीन रीडरचाच संशय येतो. काही अँटीव्हायरसमध्ये बँकेच्या व्यवहारासाठी वेगळा 'सुरक्षित ब्राउझर' असतो. बाहेरच्या कोणालाही तो आत डोकावू देत नाही, आणि त्या 'कोणालाही'मध्ये स्क्रीन रीडरही येतो. पैसे पाठवायच्या क्षणी आवाज बंद. एका नावाजलेल्या कंपनीच्या अशा ब्राउझरसमोर मी स्वतः अर्धा तास बसलो आहे. कंपनीच्या मदत केंद्राचं उत्तर होतं, "सर, घरात कोणी डोळस माणूस नाही का?"

या उत्तरापाशी जरा थांबू या. अंध माणसाची सुरक्षा नेमकी कुठे फुटते, ते त्यातच आहे. कोपऱ्यात सूचना येते, दहा सेकंदांत निघून जाते. काय म्हणाली ते कळलं नाही की तो शेजाऱ्याला बोलावतो, "भाई, हे काय म्हणतंय बघ ना." भाई घाईत असतो, 'अलाऊ' दाबतो आणि जातो. पुढच्या वेळी भाईला पासवर्ड लागतो. मग ओटीपी. भाई प्रामाणिक असेलही, माझा त्याच्यावर आक्षेप नाही. पण ज्याच्या खात्यात पैसे आहेत त्याच्याच हातात किल्ली नाही, तर व्हायरस पकडण्यात तो अँटीव्हायरस पहिल्या नंबरचा असून उपयोग काय?

म्हणून निवड करताना माझा पहिला प्रश्न असतो: धोक्याची सूचना या माणसाला स्वतः ऐकता येते का, आणि तिला स्वतः उत्तर देता येतं का? किती व्हायरस पकडतो हा प्रश्न त्यानंतरचा.

विंडोजवर माझं उत्तर बहुतेक वेळा एकच असतं. विंडोजसोबत येणारा डिफेंडर. २०१२ च्या विंडोज ८ पासून तो पूर्ण अँटीव्हायरस म्हणून आत असतो. वेगळे पैसे नाहीत, 'नूतनीकरण करा' म्हणून दर दोन दिवसांनी उगवणारी खिडकी नाही. स्टार्ट दाबा, 'विंडोज सिक्युरिटी' टाइप करा, एंटर. पुढे टॅब आणि एंटर एवढ्यावर तपासणी करता येते, आणि काय पकडलं त्याची यादी वाचता येते. एखाद्याच फाइलची शंका असेल तर तिच्यावर जाऊन शिफ्ट आणि एफ१० दाबा, मेनूत तपासणीचा पर्याय मिळतो. विंडोज ११ मध्ये निसटलेली सूचना विंडोज आणि एन दाबून पुन्हा ऐकता येते.

नव्या लॅपटॉपमध्ये दुसऱ्या कंपनीचा चाचणी अँटीव्हायरस बऱ्याचदा आधीच भरलेला असतो. तो चालू असेपर्यंत डिफेंडर बाजूला होतो. तो काढून टाकला की डिफेंडर परत कामाला लागतो, तरी एकदा उघडून खात्री करा. दोन अँटीव्हायरस एकत्र चालवू नका.

दुसरा कोणता घ्यायचाच असेल, तर विकत घेण्याआधी त्याची चाचणी आवृत्ती घ्या आणि पडदा बंद करून वापरा. खरंच बंद करून. आणि वापरणाऱ्या माणसालाच वापरू द्या, तुम्ही हाताची घडी घालून बसा. त्याला तो एकट्याने बसवता येतो का? तपासणी मध्येच थांबवता येते का? चुकून पकडलेली चांगली फाइल परत आणता येते का? आणि सगळ्यात शेवटी, काढून टाकता येतो का? ही शेवटची गोष्ट बरेच जण तपासत नाहीत आणि मग वर्षभर अडकून पडतात. सूचना ऐकू येते का हे बघायला खरा व्हायरस लागत नाही. आयकार नावाची ६८ अक्षरांची एक निरुपद्रवी फाइल आहे. ती खास चाचणीसाठीच बनवली आहे आणि अँटीव्हायरस तिला व्हायरस समजून ओरडतात. ओरडला आणि स्क्रीन रीडर गप्प राहिला, तर विषय संपला. आज पास झालेला प्रोग्रॅम पुढच्या मोठ्या अपडेटनंतर नापास होऊ शकतो, तेव्हा चाचणी तेव्हाही करा.

एनव्हीडीए पेन ड्राइव्हवरून चालवता येतो, पण घरच्या मशीनवर तो रीतसर इन्स्टॉल करा. 'या प्रोग्रॅमला बदल करू द्यायचे का' असं विंडोज विचारतं, त्या सुरक्षित पडद्यावर पेन ड्राइव्हवरचा एनव्हीडीए बोलत नाही. म्हणजे सगळ्यात महत्त्वाच्या प्रश्नालाच शांतता.

आणि फुकटात मिळालेला क्रॅक केलेला जॉज? जॉज महाग आहे हे मला माहीत आहे. पण प्रत्येक कळ ऐकणारा प्रोग्रॅम तुम्ही अशा माणसाकडून घेताय, ज्याचं नावही तुम्हाला ठाऊक नाही. एनव्हीडीए मोफत असताना हा धोका कशासाठी?

खोट्या सूचनांबद्दल थोडं बोलतो, कारण फसवणूक तिथे जास्त होते. 'तुमच्या संगणकात पाच व्हायरस सापडले, या नंबरवर फोन करा' असं ऐकू आलं की इन्सर्ट आणि टी दाबा. खिडकीचं नाव ऐकू येईल. शेवटी क्रोम किंवा एज असं आलं, तर ते वेबपान आहे, अँटीव्हायरस नव्हे. आल्ट आणि एफ४ दाबा, बंद करा. इथे एक गंमत आहे. इंग्रजीत आर आणि एन शेजारी आले की डोळ्यांना तो एम वाटतो. बनावट पत्ते बनवणारे याचाच फायदा घेतात. स्क्रीन रीडर मात्र 'आर, एन' असंच वाचतो. पत्ता एकेक अक्षर ऐकायची सवय असलेला अंध माणूस इथे तुमच्या-माझ्या डोळस मित्रांपेक्षा पुढे असतो. तरीही कोणी फसलाच, तर लगेच १९३० वर फोन करा. उद्या सकाळी नाही.

जुनी मशीन घेऊन येणाऱ्यांसाठी: विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. पाया जुना झाला की वरचा अँटीव्हायरस सगळं झाकू शकत नाही.

कायद्याचंही बळ आहे. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे, आणि सुगम्यतेच्या नियमांप्रमाणे सेवा देण्याचं बंधन तो खासगी सेवा देणाऱ्यांवरही घालतो. ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. ते प्रकरण केवायसीचं होतं. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या स्त्रिया आणि एक अंध वकील न्यायालयात गेले होते. तेव्हा एखाद्या अँटीव्हायरसची बटणं मुकी निघाली, तर कंपनीला लिहा: कोणती आवृत्ती, कोणता स्क्रीन रीडर, कोणत्या खिडकीत कोणतं बटण. 'चालत नाही' एवढंच लिहिलं तर उत्तर येत नाही.

आता बोलणं पुरे. हा लॅपटॉप इथे ठेवतो, स्पीकर मोठा करतो आणि पडदा बंद. आयकारची फाइल डाउनलोडला लावली आहे. कोण येतंय कीबोर्डवर?