साठ दिवसांची मुदत

यकृत हे मानवी शरीरातील मोठे कष्टाळू इंद्रिय आहे. अन्नातून आलेल्या द्रव्यांची ते साठवण करते, विषारी द्रव्यांचा जोर मोडते आणि अहोरात्र पित्त तयार करीत असते. हे पित्त असंख्य बारीक नलिकांतून एकत्र होत होत एका मुख्य नलिकेने लहान आतड्यात उतरते. तेथे ते स्निग्ध पदार्थांच्या पचनास साहाय्य करते. शरीराने टाकून दिलेले बिलिरुबिन नावाचे पिवळे रंगद्रव्यही त्याच्याबरोबरच बाहेर पडते. मळाला जो पिवळा अथवा तपकिरी रंग असतो, तो या रंगद्रव्यामुळेच. यकृतापासून आतड्यापर्यंतचा मार्ग मोकळा आहे की नाही, याची साक्ष अशा रीतीने दररोज आणि विनामूल्य मिळत असते. ही साक्ष वेळेवर वाचली गेली तर काय साधते आणि न वाचली गेली तर काय ओढवते, हे तान्ह्या मुलांच्या एका दुर्मिळ व्याधीवरून जसे कळते तसे क्वचितच दुसऱ्या कशावरून कळत असेल.

वैद्यकात या व्याधीस ‘बिलिअरी अट्रेशिया’ असे नाव आहे. तीत बालकाच्या यकृताबाहेरील पित्तनलिका जन्माच्या सुमारास आकसतात आणि अखेर बुजून जातात. पाश्चात्त्य देशांत साधारणपणे १५ ते २० हजार जन्मांमागे अशा एका बालकाची नोंद होते. पूर्व आशियात हे प्रमाण त्याहून अधिक आहे. एखादा विषाणू, शरीराच्या संरक्षक शक्तीने स्वतःवरच चालविलेला हल्ला, गर्भावस्थेतील वाढीत राहिलेले न्यून, अशी अनेक कारणे संशोधकांनी पुढे मांडली आहेत. सर्वमान्य असे एकही ठरलेले नाही. परिणाम मात्र ठरलेला असतो. वाट बंद झाल्याने पित्त यकृतातच तुंबते, तेथील पेशी मरू लागतात आणि काही महिन्यांत ते मऊ इंद्रिय कठीण व निबर होऊन जाते. उपचार झाले नाहीत तर यांतील बहुतेक बालके दोन वर्षांचीही होत नाहीत.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एडिंबरो येथील जॉन थॉमसन या वैद्याने अशा बालकांचे वृत्तांत एकत्र करून या रोगाचे चित्र प्रथम स्पष्ट केले. १९१६ साली अमेरिकेतील होम्स यांनी शंभरांहून अधिक रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. काही थोड्या बालकांत पित्तनलिकेचा एखादा भाग शाबूत राहिलेला असतो आणि तो आतड्यास जोडता येणे शक्य आहे, असे त्यांनी दाखविले. १९२८ मध्ये बॉस्टनचे विल्यम लॅड यांनी तशा यशस्वी शस्त्रक्रियांचा वृत्तांत दिला. परंतु याच विभागणीमुळे उरलेल्या बालकांच्या कपाळी ‘दुरुस्त न होणारी’ असा शिक्का बसला, आणि दुर्दैवाने बहुसंख्य बालके याच वर्गात मोडत होती. जोडावयास नलिकाच नाही, तेथे शस्त्रवैद्याने जोडावे तरी काय? पुढील सुमारे तीस वर्षे पोट उघडून पाहावे, नलिका सापडत नाही असे ठरवावे आणि पोट पुन्हा शिवावे, एवढेच घडत राहिले.

हा शिक्का पुसण्याचे श्रेय जपानमधील सेंडाई येथील तोहोकू विद्यापीठाचे शल्यचिकित्सक मोरिओ कासाई यांच्याकडे जाते. १९५५ साली त्यांच्यापुढे ७२ दिवसांचे एक बालक आले. बाहेरच्या नलिका बुजलेल्या होत्या. कासाई यांच्या शिष्यवर्गात अशी हकीकत सांगितली जाते, की यकृताच्या मुखाशी असलेला निबर भाग काढताना रक्तस्राव होऊ लागला आणि तो आवरण्यासाठी त्यांनी आतड्याचा भाग त्या जागेवर आणून टेकविला. शस्त्रक्रियेनंतर त्या बालकाच्या आतड्यात पित्त उतरू लागले. हकीकतीतील योगायोगाचा वाटा किती, हा प्रश्न गौण आहे. खरे महत्त्व कासाई यांनी पुढे काय केले यास आहे. हा चमत्कार म्हणून ते स्वस्थ बसले नाहीत. काढलेल्या निबर तुकड्यांची त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली बारकाईने तपासणी केली. मोठी नलिका बुजलेली असली तरी यकृताच्या मुखाशी डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म वाटा काही काळ जिवंत असतात, असे त्यांना आढळून आले. मग नलिका शोधीत बसण्याचे कारण उरले नाही. तो सर्व निबर भाग यकृताच्या पृष्ठभागापर्यंत काढून टाकावा, लहान आतड्याचा एक फाटा वर आणावा आणि त्याचे तोंड त्या उघड्या जागेभोवती शिवून टाकावे. सूक्ष्म वाटांतून झिरपणारे पित्त आपोआप आतड्यात उतरेल, अशी ही पद्धती आहे. राजमार्ग बंद झाला तरी पाऊलवाटांवर भरवसा ठेवणारी ही शस्त्रक्रिया म्हणावयास हरकत नाही.

१९५९ साली कासाई व त्यांचे सहकारी सुझुकी यांनी ही पद्धती जपानी भाषेतील एका शस्त्रक्रियाविषयक मासिकात प्रसिद्ध केली. इंग्रजीतील विस्तृत लेख १९६८ साली आला. पाश्चात्त्य शस्त्रवैद्यांनी प्रथम तिच्याकडे बऱ्याच संशयाने पाहिले. पण बरी झालेली मुले प्रत्यक्ष समोर दिसू लागल्यावर हा संशय हळूहळू मावळला. आज जगभर या शस्त्रक्रियेस कासाई यांचेच नाव दिले जाते.

कासाई यांच्या शोधात एक कठोर अट मात्र दडलेली होती. त्या सूक्ष्म वाटा कायमच्या उघड्या राहत नाहीत. दिवस जातील तशा त्याही मिटत जातात आणि यकृताचे काठिण्य वाढत जाते. म्हणून ही शस्त्रक्रिया जितकी लवकर, तितकी यशाची आशा अधिक. बालक ६० दिवसांचे होण्यापूर्वी ती व्हावी, असा संकेत रूढ झाला आहे. एकसष्टाव्या दिवशी दार एकदम बंद होते असे नव्हे; पण प्रत्येक आठवड्यागणिक ते थोडे थोडे लोटले जाते, हे खरे.

शस्त्रक्रिया साधली म्हणजे सर्व काही साधले, असेही नाही. कित्येक बालकांचे यकृत पुढे कमकुवत होते आणि त्यांना दुसऱ्याच्या यकृताचा आश्रय घ्यावा लागतो. १९६३ साली डेन्व्हर येथे थॉमस स्टार्झल यांनी यकृतारोपणाचा मानवावरील पहिला प्रयत्न केला, तो याच व्याधीच्या एका तीन वर्षांच्या बालकावर. त्या वेळी तो फसला. भारतात १९९४ साली अवयवारोपणाचा कायदा झाला आणि १९९८ साली दिल्ली येथे पहिले यशस्वी यकृतारोपण झाले. तेही याच व्याधीने ग्रासलेल्या, वीस महिन्यांच्या एका बालकावर. पित्याने आपल्या यकृताचा तुकडा त्यास दिला. परंतु आरोपण खर्चिक असते, दाता मिळावा लागतो आणि औषधे जन्मभर घ्यावी लागतात. कासाई शस्त्रक्रियेने आरोपण टळो अथवा चार-दहा वर्षे लांबो, दोन्ही लाभच होत.

मग बालके उशिरा का येतात? कारण ही व्याधी आरंभी सौम्य वेषात येते. निम्म्याहून अधिक नवजात बालकांना पहिल्या आठवड्यात थोडीफार कावीळ होतेच आणि ती बहुधा दोन आठवड्यांत आपोआप जाते. घरातील वडीलधाऱ्या बायकांना हे अनुभवाने ठाऊक असते. त्या बाळाला कोवळ्या उन्हात धरतात आणि बाळंतिणीला धीर देतात. व्याधिग्रस्त बालकही आरंभी धष्टपुष्ट दिसते, चांगले दूध पिते, हसते. त्यातच सव्वा महिना बाळ-बाळंतिणीने उंबरठ्याबाहेर पडू नये, असा रिवाज अनेक घरी पाळला जातो. त्या रिवाजामागील माया नाकारण्याचे कारण नाही. पण साठांतील चाळीसएक दिवस त्यातच निघून जातात. पुढे कोणी कावीळ उतरविणारा गाठून आणखी पंधरवडा घालविला, तर मुदत संपलीच म्हणून समजावे.

या साऱ्यात चुगली करते ती केवळ बाळाची शी. निरोगी तान्ह्या बाळाची शी पिवळी किंवा हिरवट असते. ती कणकेसारखी फिकी, खडूसारखी पांढुरकी किंवा राखेच्या रंगाची होऊ लागली, आणि लघवी मात्र दुपट्यावर पिवळे डाग ठेवू लागली, तर पित्ताची वाट अडली असल्याचा संशय घेणे प्राप्त आहे. तसेच कावीळ १४ दिवसांनंतरही टिकली, तर रक्तातील बिलिरुबिनचे दोन्ही प्रकार वेगवेगळे मोजून घ्यावेत. ही तपासणी साधी आहे.

जपानमध्ये १९९४ साली तोचिगी परगण्यात शीच्या रंगांचे चित्रपत्रक मातांना देण्याचा प्रयोग झाला. तैवानने २००२ साली तोच मार्ग धरला आणि २००४ पासून तो देशभर नेला. प्रत्येक बाळाच्या आरोग्यपुस्तिकेत काही रंगीत चौकोन छापले. मातेने बाळाची शी त्यांच्याशी ताडून पाहावयाची, आणि रंग फिका वाटला तर कळवावयाचे. साठ दिवसांच्या आत शस्त्रक्रिया झालेल्या बालकांचे प्रमाण तेथे सुमारे निम्म्यावरून सुमारे दोन-तृतीयांशापर्यंत गेले. त्यासाठी नवे रुग्णालय उभारावे लागले नाही; छापखान्यातील थोडी शाई आणि घरातील मातेची दृष्टी एवढ्यावर हे घडले.

भारतात आशा कार्यकर्ती नवजात बालकाच्या घरी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी जाते. या सहा भेटींपैकी शेवटच्या चार नेमक्या त्या मुदतीत पडतात, ज्या मुदतीत हा रोग ओळखू येतो आणि ज्या मुदतीत त्यावर इलाजही चालतो. तिने प्रत्येक वेळी एवढेच विचारावे, की बाळाची शी कोणत्या रंगाची होते. आणि शक्य तर दुपटे स्वतः पाहावे. सेंडाईच्या शस्त्रवैद्याने सूक्ष्मदर्शकातून ज्या वाटा शोधल्या, त्या मिटण्याच्या आत बालकास योग्य रुग्णालयापर्यंत पोहोचविण्याचे काम कोणत्याही यंत्रास जमणारे नाही. ते बाळाचे दुपटे बदलणाऱ्या हातांनाच करावे लागेल.