करणें आणि होऊं देणें

निर्वात नळींत पीस आणि नाणें एकाच वेळीं तळाशीं पोंचतात. वारा काढून घेतल्यावांचून गुरुत्वाकर्षणाचा नियम असा उघडा पडत नाहीं. नीतिशास्त्रज्ञहि असेच प्रयोग करतो. मात्र त्याची नळी कल्पनेची असते.

असाध्य रोग्याचे उपचार थांबवावेत, परंतु त्याला हेतुपुरस्सर मारूं नये, हा वैद्यकांतील रूढ दंडक. अमेरिकन मेडिकल असोसिएशननें १९७३ सालीं तो ठरावांत नमूद केला. जेम्स रेचल्स ह्या अमेरिकन तत्त्वज्ञानें १९७५ सालीं 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' मध्यें त्यावर आक्षेप घेतला. त्यानें दोन माणसें कल्पिलीं. दोघांनाहि सहा वर्षांच्या चुलतभावाच्या मृत्यूनें मोठा वारसा मिळावयाचा आहे. स्मिथ मुलाला स्नानाच्या टबांत बुडवितो. जोन्सहि त्याच हेतूनें आंत शिरतो. तोंच मूल घसरतें, त्याचें डोकें आपटतें आणि तें पाण्यांत पालथें पडतें. जोन्स नुसता पाहत उभा राहतो. जोन्स स्मिथहून भला म्हणावयाचा काय? नाहीं ना? तर मग, रेचल्स म्हणतो, मारणें आणि मरूं देणें ह्यांतील भेदाला स्वतःचें असें नैतिक मोल नाहीं. उपचार थांबविल्यावर रोगी दिवसेंदिवस तळमळत राहणें हेंच अधिक निर्दय ठरूं शकेल.

युक्तिवाद बिनतोड वाटतो. तथापि दोन्ही चित्रांत लोभाचा रंग इतका गडद आहे कीं, त्याखालीं दुसरा एखादा फिका भेद असला तरी तो डोळ्यांना दिसूं नये.

मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांतील एक परिचारिका १९७३ सालच्या हल्ल्यापासून अंथरुणाला खिळली होती. तिला मरूं द्यावें असा अर्ज सर्वोच्च न्यायालयापुढें आला. ७ मार्च २०११ रोजीं न्यायालयानें तो नाकारला. पण उच्च न्यायालयाच्या संमतीनें जीवरक्षक उपचार काढून घेण्याची वाट सर्वांसाठीं खुली केली. त्या वेळीं ह्या रुग्णेला श्वासयंत्र लावलेलें नव्हतें. होतें तें अन्न, आणि तें देणारे रुग्णालयांतील हात. तिला 'मरूं देणें' म्हणजे त्या हातांनीं अन्न बंद करणें. हें करणें कीं होऊं देणें? रुग्णालयाच्या सेवकवर्गानें तें साफ नाकारलें. २०१५ सालीं ती वारली, तोंवर तिची शुश्रूषा चालूच होती.

कल्पित प्रयोगानें तत्त्व पारखावें. निर्णय मात्र नळींत पुन्हा वारा भरल्यावर घ्यावा. रोग्याची स्वतःची इच्छा कोणती, हें स्मिथ-जोन्सच्या कथेंत विचारलेंच जात नाहीं, आणि खाटेजवळ पहिला प्रश्न तोच असतो. ९ मार्च २०१८ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें अशी इच्छा आगाऊ लिहून ठेवण्याचा हक्क मान्य केला. २०२३ सालीं त्याची रीत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी अथवा राजपत्रित अधिकारी एवढ्यावर तो लेख होतो. परंतु त्याआधीं घरांत, माणूस शुद्धीवर असतांना, तो विषय निघावयास हवा. नाहीं तर बापाच्या मनांत काय होतें ह्याचा तर्क अतिदक्षता विभागाच्या दाराशीं उभ्या असलेल्या मुलांनाच करावा लागतो.