भेटीची बाटली आणि मद्यावरचे लेखन

मंडळी, गोष्ट आपल्याच बऱ्हाणपुरातली. नोव्हेंबर १६१५ मध्ये इंग्रज वकील सर टॉमस रो इथे शहाजादा परवेझला भेटला. नजराण्यात मद्याच्या बाटल्यांची पेटी होती. पुन्हा खाजगीत भेटू, असे शहाजादा म्हणाला खरा. पण त्याच बाटल्या त्याला अशा चढल्या की ती भेट झालीच नाही. (पुढे १६२६ मध्ये परवेझ इथेच वारला, दारूपायीच म्हणतात.) रो कंपनीचा पगारी माणूस, तरी आपल्याच भेटीने घात केला हे त्याने रोजनिशीत लिहून ठेवले.

आज नाशिकच्या वाइनवर लिहिणाऱ्याकडे बाटली पुष्कळदा फुकट येते आणि शेजारच्या पानावर तिच्याच मालकाची जाहिरात असते. ती वाइन आंबट निघाली, तर आंबट म्हणून लिहिणार कोण? बाटली पदरच्या पैशाने घ्यावी. नाहीतर ती भेट मिळाली, हे पहिल्याच ओळीत सांगावे. रोने तेवढे तरी केले होते.