आठशे मेंढ्या आणि एक निर्वाणीचा इशारा

(वेळापूर, जि. सोलापूर येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आंतरराष्ट्रीय राजकारणावरील व्याख्यानाचा प्रारंभ मेंढ्यांपासून व्हावा, हे अन्यत्र कदाचित विचित्र वाटेल. या गावात वाटू नये. माळशिरस तालुका आणि त्याला लागून असलेला माणदेश हा पिढ्यान्‌पिढ्या मेंढपाळांचा मुलूख आहे. कळप शेतात बसवणे म्हणजे काय, मेंढरू चुकून दुसऱ्याच्या पिकात शिरले तर काय होते, बांधावरचा तंटा चावडीवर कसा मिटतो आणि कोंडवाड्यातून जनावर कसे सोडवून आणतात, हे येथे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. त्या काळी जगातील सर्वांत मोठी लोकसंख्या असलेल्या देशाने आपल्या शेजाऱ्याला आठशे मेंढ्यांसाठी युद्धाची धमकी दिली होती, ही गोष्ट म्हणूनच येथे सांगण्याजोगी आहे.

१६ सप्टेंबर १९६५. मध्यरात्र उलटून गेल्यावर पेकिंगमधील भारतीय वकिलातीचे प्रभारी जगत मेहता यांना चिनी परराष्ट्र खात्यात पाचारण करण्यात आले आणि त्यांच्या हाती एक खलिता ठेवण्यात आला. सिक्कीम-तिबेट सीमेवर भारताने उभारलेली लष्करी बांधकामे तीन दिवसांच्या आत पाडून टाकावीत; भारतीय सैनिकांनी पळवून नेलेले चार सीमावासी परत करावेत; आणि हिसकावून नेलेली जनावरेही परत द्यावीत, असे त्यात म्हटले होते. जनावरांचा हिशेब अगदी चोख होता : ८०० मेंढ्या आणि ५९ याक. हे न घडल्यास होणाऱ्या गंभीर परिणामांची सर्व जबाबदारी भारत सरकारवर राहील, हे शेवटचे वाक्य.

आज हे ऐकताना हसू येते. त्या रात्री ते हसण्याचे प्रकरण नव्हते. भारत पश्चिम सीमेवर पाकिस्तानशी लढत होता. १ सप्टेंबरला पाकिस्तानी रणगाडे छांब भागात घुसले होते. ६ सप्टेंबरला भारतीय सेनेने आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडून लाहोरच्या दिशेने मोर्चा वळवला होता. ज्या दिवशी हा खलिता लिहिला गेला, त्याच १६ सप्टेंबरला सियालकोट आघाडीवर पूना हॉर्स या रणगाडा पथकाचे अधिपती लेफ्टनंट कर्नल आर्देशीर तारापोर धारातीर्थी पडले. पुण्यात शिकलेल्या या वीराला पुढे मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. एका अंगाला असे रण पेटलेले असताना दुसऱ्या अंगाला चीन मुदत मोजत उभा राहिला होता. १९६२ च्या पराभवाला तेव्हा पुरती तीन वर्षेही झाली नव्हती. त्या पराभवानंतर संरक्षणमंत्रिपद स्वीकारण्यासाठी यशवंतराव चव्हाणांना मुंबईहून दिल्लीला जावे लागले आणि सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावला, असे महाराष्ट्र अभिमानाने म्हणू लागला. ती जखम ओली होती. चीनने पुन्हा शस्त्र उचलले तर काय, हा प्रश्न घराघरांत विचारला जात होता, आणि तो विचारणाऱ्यांना भित्रे म्हणणे अन्यायाचे होईल.

चीनलाही हेच हवे होते. चार माणसे आणि काही जनावरे यांच्यासाठी कोणी हिमालय ओलांडत नाही. युद्ध पाकिस्तानच्या अपेक्षेप्रमाणे पुढे सरकत नव्हते. संयुक्त राष्ट्रसंघाचे सरचिटणीस ऊ थांट नुकतेच दोन्ही देशांच्या राजधान्यांत शस्त्रसंधीची बोलणी करून गेले होते. अशा वेळी भारतीय सैन्याचा काही भाग पूर्वेकडे अडकून पडावा, दिल्लीचे धैर्य खचावे आणि पाकिस्तानला हुरूप यावा, एवढ्यासाठी तो खलिता होता. हुरूप आलाही. १९ सप्टेंबरच्या रात्री अयुब खान आणि झुल्फिकार अली भुत्तो गुप्तपणे पेकिंगला गेले. चिनी नेत्यांनी त्यांना दीर्घ युद्धाचा सल्ला दिला. एखाददुसरे शहर गेले तरी लढत राहा, असे सांगितले. दुसऱ्याच्या शहरांविषयी इतके उदार होणे सोपे असते. अयुब खानांना तो सल्ला पेलला नाही.

इकडे लालबहादूर शास्त्रींनी १७ सप्टेंबरला संसदेत निवेदन केले. चीनचे आरोप त्यांनी फेटाळले, त्याचबरोबर सीमेवरील बांधकामांची संयुक्त पाहणी करण्यास भारताची हरकत नाही, असेही स्पष्ट केले. आवाज चढला नाही आणि पाऊल मागेही गेले नाही. तीन दिवसांची मुदत संपत आली तेव्हा चीननेच ती २२ सप्टेंबरच्या मध्यरात्रीपर्यंत वाढवली. निर्वाणीचा इशारा देणाराच जेव्हा मुदत वाढवतो, तेव्हा जाणत्यांना जे कळायचे ते कळते. २३ सप्टेंबरच्या पहाटे भारत-पाकिस्तान शस्त्रसंधी अमलात आली. तोवर पेकिंगने परस्पर जाहीरही करून टाकले होते की, भारतीय सैनिक आपली बांधकामे स्वतःच मोडून पळून गेले, सबब मागणी पूर्ण झाली. मेंढ्यांचे काय झाले, हा प्रश्न मात्र शिल्लक राहिला.

तो दिल्लीकरांनी सोडवला. २४ सप्टेंबर रोजी राजधानीच्या रस्त्यांवरून एक विलक्षण मिरवणूक चिनी वकिलातीकडे निघाली. पुढे जनसंघाचे चाळीस वर्षांचे नेते आणि राज्यसभेचे सदस्य अटलबिहारी वाजपेयी, मागे सुमारे आठशे मेंढ्या. आम्हांला खा, पण जगाला वाचवा, अशा आशयाच्या पाट्या मेंढ्यांच्या गळ्यात अडकवलेल्या होत्या. दगडफेक नाही, जाळपोळ नाही. तुमची मेंढरे मोजून घ्या आणि युद्ध राहू द्या, एवढेच त्या मिरवणुकीचे म्हणणे होते.

चीनला ही थट्टा लागली. शस्त्रांच्या भाषेला शस्त्रांच्या भाषेत उत्तर आले असते तर ते त्याच्या सरावाचे होते. हसणाऱ्या गर्दीला कोणते उत्तर द्यावे, याचा पाठ त्याच्याजवळ नव्हता. दोनच दिवसांनी पेकिंगने निषेधाचा खलिता धाडला आणि हा सारा प्रकार भारत सरकारनेच घडवून आणल्याचा आरोप केला. १ ऑक्टोबरला गेलेले भारताचे उत्तर राजनैतिक लेखनाचा नमुना म्हणून अभ्यासावे असे आहे. या निदर्शनाशी सरकारचा संबंध नाही. क्षुल्लक आणि रचलेल्या कारणांवरून युद्धाची धमकी दिली गेल्यामुळे दिल्लीच्या नागरिकांनी उत्स्फूर्तपणे, शांततेने आणि विनोदबुद्धीने व्यक्त केलेला तो रोष होता, असा त्याचा मथितार्थ. ज्यांना पळवल्याचा आरोप होता ते चौघे तिबेटी स्वेच्छेने आश्रयाला आले आहेत आणि त्यांना परत जायचे असल्यास कोणी अडवलेले नाही, हेही त्यात नमूद होते. ज्या चौघांच्या नावाने हे सगळे चालले होते, ते स्वतःच चीनच्या राज्यातून बाहेर पडलेले होते. मेंढ्यांच्या गोंगाटात ही गोष्ट अनेकांच्या लक्षातही आली नाही.

येथवरची कथा मनोरंजक आहे आणि बहुतेक वेळा ती येथेच थांबवली जाते. तसे करणे हिताचे नाही. दिल्लीत मेंढ्या चालत होत्या त्याच महिन्यात सिक्कीमच्या सीमेवर सुमारे चौदा हजार फुटांवर दुसरेच काही घडत होते. चीनच्या इशाऱ्यानंतर पुढच्या खिंडींतील चौक्या सोडून मागच्या मुख्य संरक्षण फळीवर यावे, असे वरिष्ठ पातळीवरून सुचवले गेले. जेलेप ला ही खिंड रिकामी झाली आणि चिनी सैनिक तेथे येऊन बसले. नाथू लाची जबाबदारी ज्यांच्याकडे होती ते मेजर जनरल सगत सिंग मात्र जागचे हलले नाहीत. पाणलोटाची ती धार सोडली तर खालचा प्रदेश शत्रूच्या नजरेच्या टप्प्यात येईल, हे त्यांचे गणित होते. दोन वर्षांनी, ११ सप्टेंबर १९६७ रोजी, तारेचे कुंपण घालणाऱ्या भारतीय तुकडीवर चिनी सैन्याने गोळीबार सुरू केला तेव्हा भारतीय तोफांना नाथू लाच्या उंचीवरून उत्तर देता आले. त्या चकमकींत आणि पाठोपाठ १ ऑक्टोबरला चो ला येथे झालेल्या संघर्षात भारताचे ऐंशीहून अधिक जवान कामी आले. चीनची हानी त्याहून मोठी होती. १९६५ ची धमकी पोकळ होती हे खरे, पण जेथे तिला भाव मिळाला तेथे एक खिंड गेली. दिल्लीतील विनोदाला जे वजन होते, ते नाथू लावर गोठत उभ्या असलेल्या जवानाच्या पायांनी दिलेले होते.

धमकी पोकळ आहे की भरीव, हे आधी ओळखावे कसे? याचेही एक उदाहरण आहे आणि त्यात भारताचाच दूत मध्यस्थ होता. ऑक्टोबर १९५० च्या आरंभी, अशाच एका मध्यरात्रीनंतर, चाऊ एन-लाय यांनी भारताचे राजदूत का. मा. पणिक्कर यांना बोलावून सांगितले की, अमेरिकी सैन्य कोरियात अडतिसावी अक्षांशरेषा ओलांडून उत्तरेला आले तर चीन युद्धात उतरेल. पणिक्करांनी हा निरोप दिल्लीला कळवला, दिल्लीने तो पुढे पोहोचवला आणि वॉशिंग्टनने ती हूल मानून बाजूला ठेवली. त्याच महिन्याच्या १९ तारखेला चिनी फौजा यालू नदी ओलांडून कोरियात उतरल्या. शहर तेच, वेळ तीच, बोलावणे धाडण्याची रीतही तीच. परंतु १९५० मध्ये अट एकच होती आणि तिच्यामागे सैन्याची जमवाजमव होती; १९६५ मध्ये मागण्यांची यादी होती, तिच्यात मेंढ्या होत्या आणि मुदत रबरासारखी ताणली जात होती. अमेरिकेने हसू नये तेथे हसून पाहिले आणि त्याची किंमत तिच्या सैनिकांनी कोरियाच्या हिवाळ्यात मोजली. १९६२ मध्ये चीन मोठे युद्ध करणार नाही, या समजुतीवर विसंबलेल्या दिल्लीची गतही फारशी वेगळी झाली नव्हती.

वारंवार दिलेल्या धमकीचे पुढे काय होते, हे रशियन भाषेने टिपून ठेवले आहे. १९५८ च्या तैवान संघर्षापासून चीनने अमेरिकेला आपल्या हद्दीच्या उल्लंघनाबद्दल क्रमांक घालून गंभीर इशारे द्यायला सुरुवात केली. ते शेकड्यांनी झाले. अमेरिकी विमाने येत राहिली, इशाऱ्यांचे आकडे चढत राहिले. रशियन माणसाने त्यातून ‘चीनचा अखेरचा इशारा’ हा वाक्प्रचार घडवला : ज्याच्या मागे काहीच यायचे नसते असा इशारा. तो आजही रशियात वापरतात.

आणि पोकळ धमकीला पहिला बळी पडतो तो कधी कधी धमकी देणाऱ्याचाच समाज. ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या सभापती नॅन्सी पेलोसी तैवानला जाणार म्हणताच बीजिंगमधून आगीशी न खेळण्याचे इशारे आले. एका चिनी दैनिकाच्या माजी संपादकाने तर विमाने पाडण्याचीही भाषा केली. २ ऑगस्टच्या रात्री पेलोसी तैपेईच्या विमानतळावर सुखरूप उतरल्या. त्यानंतर चीनने बेटाभोवती मोठा युद्धसराव केला खरा, पण त्या रात्री जागून वाट पाहणाऱ्या असंख्य चिनी नागरिकांचा जो हिरमोड झाला, तो त्यांनी आपल्याच सरकारला टोमणे मारून व्यक्त केला. जनतेला इतके चढवून ठेवले की उतरवताना शासनाचीच दमछाक होते.

भारतातील प्रतिक्रियांचाही विचार केला पाहिजे, आणि तो फारसा सुखावणारा नाही. २०१७ च्या जूनपासून ऑगस्टपर्यंत डोकलाममध्ये ७३ दिवस दोन्ही सेना समोरासमोर उभ्या होत्या. चीनमधून १९६२ ची आठवण करून दिली जात होती; तेव्हाचे संरक्षणमंत्री अरुण जेटली यांनी २०१७ चा भारत १९६२ चा नाही, असे एका वाक्यात सुनावले. ते पुरेसे होते. चीनच्या सरकारी वृत्तसंस्थेने तर खोटी दाढी आणि पगडी लावलेले पात्र आणून भारताची टिंगल करणारी चित्रफीत काढली. ती इतकी सुमार होती की दुर्लक्ष हेच तिचे योग्य मूल्य ठरले असते. परंतु आपल्या अनेक वाहिन्यांनी ती पुन्हा पुन्हा दाखवली आणि रात्र-रात्र युद्ध घडवले. प्रत्यक्षात डोकलामचा प्रश्न जवानांच्या अविचल उभे राहण्याने आणि मुत्सद्द्यांच्या शांत बोलण्याने २८ ऑगस्टला निवळला.

अरुणाचल प्रदेशातील स्थळांना चिनी नावे देण्याचा उद्योगही त्याच जातीचा. २०१७ मध्ये सहा नावे, २०२१ मध्ये पंधरा, २०२३ मध्ये अकरा, २०२४ मध्ये तीस, २०२५ मध्ये सत्तावीस. प्रत्येक वेळी भारताच्या परराष्ट्र खात्याने तेच उत्तर दिले आहे : नावे रचल्याने वस्तुस्थिती बदलत नाही. तालुक्याच्या नकाशावर कोणी शेजाऱ्याच्या मळ्याला आपल्या आजोबांचे नाव लिहिले म्हणून सातबारा बदलत नाही, हे वेळापूरचा शेतकरीही सांगेल. मात्र तोच शेतकरी हेही सांगेल की, सातबारा आपल्या नावावर असला तरी बांधावर अधूनमधून फेरी मारावी लागते. अरुणाचलच्या सीमेवरील गावांत रस्ता गेला, वस्ती टिकली, शाळा चालली, तर त्या याद्यांची किंमत कागदाच्या रद्दीएवढी राहील.

मेंढ्या घेऊन चिनी वकिलातीवर जाणारे वाजपेयी फेब्रुवारी १९७९ मध्ये परराष्ट्रमंत्री म्हणून चीनला गेले. ते तेथे असतानाच चीनने व्हिएतनामवर आक्रमण केले आणि ते दौरा आटोपता घेऊन परतले. जून २००३ मध्ये ते पंतप्रधान म्हणून पुन्हा गेले. त्या भेटीत नाथू लामार्गे सीमाव्यापार सुरू करण्याचा करार झाला. ज्या सिक्कीमवरून १९६५ चा खलिता आला होता, ते भारताचे राज्य असल्याचे चीनने त्यानंतर आपल्या नकाशांतही मानले. ६ जुलै २००६ रोजी ती खिंड व्यापारासाठी उघडली. तिबेटमधून भारतात कोणकोणता माल आणता येईल, याची यादी दोन्ही सरकारांनी ठरवलेली होती. तीत लोकर होती, मीठ होते, याकचे केस होते, शेळ्या होत्या आणि मेंढ्याही होत्या.