इसारावरची जमीन आणि मधला माणूस

हल्ली गटाच्या बैठकीत हप्ते आणि कर्जाचं बोलणं झालं की जमिनीचा विषय निघतो. रस्ता रुंद होतोय, गावाला भाव आलाय, दारात नवनवे एजंट येतात. गटातल्या काही ताईसुद्धा आता जमीन, घर, प्लॉट दाखवायचं काम करू लागल्यात. म्हणून आज आम्ही दोघींशी बोलणार आहोत. जिची जमीन आहे तिच्याशी, आणि जी मध्ये राहून व्यवहार जुळवते तिच्याशीही.

हा व्यवहार कसा चालतो ते आधी बघू. समजा, एका ताईची एक एकर जमीन आहे. एजंट येतो, १२ लाखांना सौदा ठरवतो, ५० हजार इसार देतो आणि सहा महिन्यांची मुदत घेतो. इसारपावतीत एक ओळ असते, 'तुमच्या किंवा तुम्ही सांगाल त्या इसमाच्या नावे खरेदीखत करून देऊ.' पुढचे सहा महिने तो गिऱ्हाईक शोधतो. १७ लाख देणारा मिळाला की खरेदीखत थेट त्या तिसऱ्याच्या नावे होतं. ताईला १२ लाख मिळतात, मधल्या माणसाला ५ लाख. त्यानं घातलेले असतात फक्त ५० हजार.

अमेरिकेत घरांच्या अशा धंद्याला होलसेलिंग म्हणतात. तिथंही अडलेल्या घरमालकांच्या तक्रारी झाल्या. इलिनॉय राज्यानं २०१९ साली कायदा बदलला आणि वर्षात एकाहून जास्त असे सौदे करणाऱ्याला दलालीचा परवाना सक्तीचा केला.

मग हे बेकायदेशीर आहे का? नेहमीच नाही. जमीन विकत घ्यायचा करार करणं आणि मालकिणीला माहीत असताना तो हक्क दुसऱ्याला देणं, हे चालतं. गिऱ्हाईक शोधणं हीसुद्धा मेहनत आहे, तिचे पैसे मिळायलाच हवेत. वाईट आहे ती लपवाछपवी. 'ताई, मी तुमचाच माणूस, तुम्हाला चांगला भाव मिळवून देतो' असं म्हणायचं आणि आतून आपणच खरेदीदार व्हायचं. असे दोन्ही डगरींवर हात ठेवून चालत नाही. भारतीय करार कायदा १८७२, कलम २१६ काय सांगतं? दलालानं मालकाला न कळवता त्याच्याच कामात स्वतःसाठी व्यवहार केला, तर त्यातून झालेला फायदा मालक मागू शकतो.

म्हणून मालकीण असलेल्या ताईनं पहिला प्रश्न हाच विचारायचा, 'तुम्ही दलाल की खरेदीदार?' दलाल असेल तर दलाली किती टक्के ते लिहून घ्या, आणि वरचा सगळा भाव आपला. खरेदीदार असेल तर 'सांगाल त्या इसमाच्या नावे' ही ओळ हवी की नको ते आपण ठरवायचं. ओळ ठेवायची तर पुढच्या विक्रीत वाढीव रकमेचा वाटा मागता येतो. तो तोंडी नको, कागदावर हवा.

दुसरी गोष्ट भावाची. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर वार्षिक बाजारमूल्य दर बघता येतात. शेजारच्या गटाची विक्री झाली असेल तर तिची सूची क्रमांक २ काढा. त्यात किती रकमेला व्यवहार झाला ते लिहिलेलं असतं. खरा भाव त्याहून जास्तही असू शकतो, पण निदान अंधारात सौदा होत नाही.

तिसरी गोष्ट, इसार म्हणजे मालकी नव्हे. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२, कलम ५४ प्रमाणे विक्रीच्या करारानं जमिनीत हक्क तयार होत नाही. पण करार मोडला म्हणून दावा लावायला साधारण तीन वर्षांची मुदत असते, आणि तेवढ्यात आपली जमीन अडकून पडू शकते. म्हणून इसाराची मुदत थोडी ठेवा. ती उलटली तर इसाराचं काय होणार, तेही लिहा. पूर्ण पैसे मिळण्याआधी ताबा देऊ नका. कुलमुखत्यारपत्रावर सही करायची घाई तर मुळीच नको. मुखत्यारपत्रानं जमिनीची मालकी बदलत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०११ साली स्पष्ट केलंय. तरी त्या कागदाच्या जोरावर दुसरा माणूस आपल्या नावानं सह्या करू शकतो.

आता मध्ये काम करणाऱ्या ताईंशी बोलतो. ताई, हा धंदा सरळ करता येतो. पहिल्या भेटीतच सांगा, 'मी ही जमीन स्वतःसाठी घेत नाही, पुढं देणार आहे आणि त्यात माझा नफा आहे.' इसारपावती मालकिणीला मोठ्यानं वाचून दाखवा. घरच्यांशी, वकिलाशी बोलायला तिला चार दिवस द्या. दवाखान्याच्या खर्चासाठी किंवा लग्नासाठी अडलेल्या बाईकडून त्याच दिवशी अंगठा घेणं म्हणजे अडवणूक.

गिऱ्हाईकालाही खरं सांगा. 'माझी जमीन आहे' असं म्हणू नका, 'माझा इसार आहे' म्हणा. सातबारा, फेरफार दाखवा. सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २' असेल तर विक्रीला सरकारी परवानगी लागते. आदिवासी बांधवांची जमीन बिगर आदिवासींना द्यायची तर परवानगीशिवाय होत नाही. शेतजमीन घेणारा शेतकरी नसेल तर त्यालाही परवानगी लागते. हे आधी सांगितलं नाही तर गिऱ्हाईकाचे पैसे अडकतात आणि बोल तुम्हाला लागतो.

खरेदीखताच्या वेळी तुम्हीही 'मान्यता देणार' म्हणून सही करा आणि तुमची रक्कम त्यात लिहा. पैसे चेकनं किंवा बँकेतून द्या-घ्या. वरची रक्कम रोखीत आणि कागदावर कमी, असा व्यवहार नको. सदनिका किंवा प्लॉटच्या नोंदणीकृत प्रकल्पात काम करायचं असेल, तर महारेराकडे एजंट म्हणून नोंदणी करावी लागते. रेरा कायदा २०१६ चा आहे.

आणि एक गोष्ट दोघींसाठी. वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. महाराष्ट्रानं तसा कायदा १९९४ साली केला, देशभर तो २००५ साली झाला. नवऱ्यामागं विधवेचाही वाटा असतो. म्हणून फक्त भावांच्या सह्या घेऊन व्यवहार उरकू नका. सासरी गेलेल्या लेकीला बोलवा, विचारा. तिला न सांगता विकलेली जमीन पुढं कोर्टात जाते, आणि तेव्हा विकणारा, घेणारा, मधला, सगळेच अडकतात.

शंका असेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ प्रमाणे बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळू शकतो. १५१०० या नंबरवर फोन करूनही विचारता येतं.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं आपापल्या घरचा सातबारा आणि आठ-अ आणावा, अशी आमची विनंती आहे. त्यावर कोणाकोणाची नावं आहेत ते मिळून वाचा. ज्या बाईचं नाव असायला हवं आणि नाही, तिच्यासाठी तलाठ्याकडे दोघी-तिघी मिळून जा. दारात एजंट येण्याआधी हे काम झालेलं बरं.