आवड कोणाची?
(परभणी येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



ध्वनिमुद्रिका कंपन्यांचे एक ठरलेले समर्थन आहे : ‘श्रोत्यांना हेच हवे असते.’ अर्थशास्त्राची पाठ्यपुस्तके यालाच ग्राहकाचे सार्वभौमत्व म्हणतात. हे सार्वभौमत्व कितपत खरे?

१९०२ साली ग्रामोफोन कंपनीचे गायस्बर्ग कलकत्त्यास आले आणि गौहरजान यांचे गाणे मुद्रित झाले. १९०८ मध्ये तेथेच कारखाना निघाला. पुढे कित्येक दशके, लहानसहान स्पर्धक येऊन गेले तरी, बाजार प्रायः याच कंपनीच्या हाती राहिला. तबकडीच्या एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटेच मावत. मराठीत नाट्यपद आणि नंतर भावगीत त्या मापात चपखल बसले. भावगीताची गोडी मी नाकारीत नाही. आमच्या पिढीला तिने वेड लावले होते. परंतु मापात न बसणारे यादीत आले नाही, आणि जे यादीत नाही ते दुकानात जाऊन मागणार कोण? आकाशवाणीच्या ‘आपली आवड’मध्ये पत्राने गाणे मागता येई, तेही मुद्रिका निघालेल्यांपैकीच.

जनाबाईंचे गंगाखेड आपल्याच जिल्ह्यातले. जात्यावर ओवी गाणारी बाई स्वतःच गाते, स्वतःच ऐकते. तेथे गिऱ्हाईक नाही. बाजाराच्या लेखी मग ते गाणेच नाही. हेमा राईरकर व गी पॉईतवां यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या, त्यामागे व्यापाराची प्रेरणा नव्हती.

ऐंशीच्या दशकात कॅसेटचा प्रसार झाला आणि कंपन्यांचा दावा उघडा पडला. तबकडीला कारखाना लागतो, कॅसेटच्या प्रती एका खोलीत निघतात. भांडवलाची अट सैल होताच भीमगीते गावोगाव वाजू लागली. वामनदादा कर्डकांची गीते तर त्याआधी कित्येक वर्षे वस्त्यांतून, सभांतून गायली जात होती. श्रोता तोच होता, आवड तीच होती. उतरला तो केवळ प्रत काढण्याचा खर्च.

तथापि कॅसेटचाही जयजयकार नको. गायकाला एकरकमी बिदागी आणि सारे हक्क निर्मात्याकडे, हा व्यवहार तेथेही सर्रास चाले. स्वस्त कॅसेटच्या बळावर वाढलेली टी-सिरीज पुढे स्वतःच बलाढ्य कंपनी झाली. आज मोबाईलवर पुढचे गाणे कोणते, हे यंत्रच सुचविते.

राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने वसंत बापट, लीलाधर हेगडे यांच्या काळात कोणत्याही कंपनीची वाट न पाहता गाणी खेड्यांत नेली. आज आपल्याच सभेपूर्वी ध्वनिक्षेपकावर काय वाजते, ते आठवून पाहा. ओव्या जाणणाऱ्या बाया आता बहुधा सत्तरी-ऐंशीच्या आहेत. गंगाखेड, पाथरी, सेलू, जिंतूरच्या कार्यकर्त्यांनी या उन्हाळ्यात त्यांच्या घरी जावे. मुद्रणाला फोन पुरेसा आहे. गाणारीची संमती आधी घ्यावी, हक्क तिच्याच नावे लिहावा आणि पहिली प्रत तिच्या घरी पोचवावी.