सोंडेचे गणित : पक्ष, साध्य आणि मृदू यंत्रमानव



यंत्रमानव म्हटले की ठरावीक सांध्यांत वळणारा पोलादी हात डोळ्यांपुढे उभा राहतो. कारखान्यातील अशा हाताला बहुधा सहा सांधे असतात. त्या सहा सांध्यांचे कोन कळले की हाताचे टोक नेमके कोठे आहे, हे त्रिकोणमितीने सांगता येते. हत्तीच्या सोंडेला मात्र हाडही नाही आणि सांधाही नाही. तरीही ती ओंडका उचलते आणि जमिनीवरचा शेंगदाणाही टिपते. सिलिकॉन रबरासारख्या लवचिक पदार्थांपासून, हवेच्या दाबाने किंवा दोऱ्यांच्या ताणाने हलणारी अशी यंत्रे घडवणारी विद्याशाखा म्हणजे सॉफ्ट रोबोटिक्स, अर्थात मृदू यंत्रमानवशास्त्र. जर्मनीतील फेस्टो या कंपनीने 2010 मध्ये सोंडेवरून प्रेरणा घेतलेला यांत्रिक हात सादर केला. इटलीतील पीसा येथे चेचिलिया लास्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अष्टपादाच्या भुजेचा अभ्यास करून तशी भुजा घडवली.

अशा यंत्राचे टोक कोठे जाईल, हे आधी सांगायचे कसे? सांधे नसल्यामुळे ते प्रत्येक बिंदूपाशी वाकू शकते. प्रत्येक नव्या आकारासाठी साचा करणे, सिलिकॉन ओतणे आणि ते घट्ट होण्याची वाट पाहणे हे वेळखाऊ काम. म्हणून संशोधक यंत्राचे गणिती प्रतिमान मांडतात आणि संगणकावर त्याच्या हालचालीची तालीम करून पाहतात. या तालमीलाच सिम्युलेशन म्हणतात.

भूमितीच्या वहीत प्रमेय लिहिताना प्रथम ‘पक्ष’, मग ‘साध्य’ आणि नंतर ‘सिद्धता’ लिहिण्याची शिस्त मराठी माध्यमातील प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाताला लागलेली असते. प्रतिमानांनाही असाच पक्ष असतो. सर्वांत सोप्या प्रतिमानाचा पक्ष असा, की वाकलेली भुजा ही वर्तुळाचा कंस आहे. मग लांबी, वक्रता आणि वाकण्याची दिशा या तीनच संख्यांत तिचे वर्णन होते आणि उत्तर क्षणात मिळते. परंतु भुजा स्वतःच्या वजनाने लोंबली किंवा वाटेत एखाद्या वस्तूला टेकली, की ती कंस राहत नाही. पक्ष मोडतो आणि त्याबरोबर उत्तरही.

दुसरा मार्ग फ्रान्समधील युजीन आणि फ्रांस्वा कोसेरा या बंधूंच्या 1909 मधील ग्रंथाकडे जातो. बारीक, लांब दांडा ताणला, वाकवला, पिळला किंवा त्याचे छेद एकमेकांवरून सरकवले असता काय घडते, हे त्यांच्या सिद्धांताच्या आधारे मांडता येते. मृदू यंत्रमानव तेव्हा कोणाच्या कल्पनेतही नव्हता; त्या गणिताला शतकानंतर हा नवा उपयोग सापडला. याचा पक्ष एवढाच, की वस्तू लांबीच्या मानाने सडपातळ असावी.

तिसरा मार्ग सांत घटक पद्धतीचा. यात संपूर्ण वस्तूचे लहान लहान चतुष्फलकांत विभाजन करून प्रत्येक शिरोबिंदूवरील बलांचा हिशेब केला जातो. कोणताही आकार या पद्धतीत बसतो, पण किंमत मोठी असते : घटकाची बाजू निम्मी केली, तर घटकांची संख्या आठपट होते. फ्रान्समधील लील येथे क्रिस्तियाँ द्युरिएझ यांनी 2013 मध्ये हा हिशेब इतक्या वेगाने करून दाखवला, की हलत्या मृदू यंत्राचे नियंत्रणही त्यावरून करता यावे.

याखेरीज पदार्थाचा स्वभाव जाणून घ्यावा लागतो. कणकेचा गोळा दाबला की पसरतो, पण त्याचे घनफळ जवळजवळ तेवढेच राहते; रबराचेही तसेच. मात्र दुपटीने ताणलेले रबर हूकच्या सरळ नियमाला जुमानत नाही आणि वारंवार ताणल्यावर पहिल्याइतका विरोधही करत नाही. म्हणून त्याची पट्टी यंत्रावर प्रत्यक्ष ताणून मोजमापे घ्यावी लागतात आणि तीच प्रतिमानात भरावी लागतात.

एवढे करूनही संगणकातील यंत्र आणि टेबलावरील यंत्र यांत अंतर राहते. 2020 मध्ये अमेरिकेतील व्हरमाँट आणि टफ्ट्स विद्यापीठांतील संशोधकांनी बेडकाच्या जिवंत पेशींपासून झेनोबॉट नावाचे सूक्ष्म जीवयंत्र घडवले. त्याची रचना संगणकाने असंख्य पर्यायांतून निवडली होती. परंतु पेशींच्या हालचालीत थोडी अनियमितता मिसळल्यावरही ज्या रचना टिकल्या, त्याच पुढे नेल्या गेल्या. आणि प्रत्यक्ष बांधणीत आलेल्या अडचणी पुढील तालमीच्या अटी बनल्या.

हा काटेकोरपणा अनाठायी नाही. शस्त्रक्रियेत शरीराच्या आत शिरून अवयवांना इजा न करता वळणारी मृदू उपकरणे घडवण्याचे प्रयत्न चालू आहेत. तेथे चुकलेल्या पक्षाची किंमत रुग्ण मोजेल.

आज मुलांच्या हाती क्षणात उत्तर देणारी साधने आहेत, आणि मराठीत शिकलेले मूल या नव्या विज्ञानात मागे पडेल का, ही चिंता परप्रांतात राहणाऱ्या पालकांच्या मनात असते. इंग्रजी संज्ञा पुढे शिकता येतात. उत्तर वाचण्यापूर्वी त्यात काय गृहीत धरले आहे, हे विचारण्याची सवय मात्र शालेय वयातच रुजते. ज्या वहीत ‘पक्ष’ हा शब्द पहिल्या ओळीवर लिहिला जातो, त्या वहीत या शास्त्राची पूर्वतयारी झालेली असते. मुलाने पक्ष न लिहिताच साध्याकडे धाव घेतली, तर घरीही त्याला एकदा थांबवावे.